हौसेच्या मोटारगाडीचे सुटे भाग माफक खर्चात कसे करवून घ्यावेत

गेल्या वैशाखात हळदीचा बाजार ऐन भरात असता बसमत तालुक्यातील आमच्या एका सभासदांचे चिरंजीव लोखंडाचा एक तुकडा फडक्यात बांधून आमच्या भेटीस आले. वय पंचविशीच्या आत. शिक्षण कला शाखेचे, परंतु वेड यंत्रांचे. गोठ्याशेजारच्या पडवीत दोन वर्षांपासून ते हौसेने एक लहान चारचाकी गाडी जुळवीत आहेत. फडक्यातील तुकडा हा त्या गाडीच्या पुढील चाकाचा हब, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या भाषेत चाकाचा तुंबा, होता.

“हा तिसरा,” ते म्हणाले. “पहिले दोन भंगारात गेले. हळदीच्या पैशातून ह्यापुढे एक रुपयाही मिळणार नाही, असे बाबांनी सांगितले आहे. गाडी पुरी करावी की मोडून टाकावी, एवढेच आपणांस विचारावयाचे आहे.”

प्रश्न एका घरातील बापलेकांचा असला, तरी त्याचे उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही ते येथे सविस्तर देत आहोत. शेतकऱ्यांच्या मासिकात मोटारगाडीचे प्रकरण कशास, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु ज्यास गाडीचा एक हब योग्य खर्चात करवून घेता आला, त्यास जुन्या पंपाचा न मिळणारा बुश, पेरणी यंत्राचे मोडलेले दातेरी चाक, किंवा हळद पॉलिश करण्याच्या ड्रमाचा शाफ्टही त्याच रीतीने करवून घेता येतो. आजची सारी कारखानदारी हजारो नगांच्या हिशेबाने चालते. आणि आपणांस तर एकच नग हवा असतो. एक नग मागणाऱ्याची जी अडचण, तीच ह्या लेखाचा विषय होय.

तीन हबांची हकीकत

प्रथम ते दोन हब वाया का गेले, हे पाहू. ह्या तरुणाने बेअरिंग बाजारातून आणले होते ते ६२०५ ह्या क्रमांकाचे. ह्या बेअरिंगचे माप जगात कोठेही ठरलेलेच असते: आतील छिद्र २५ मिलिमीटर, बाहेरील व्यास ५२ मिलिमीटर, रुंदी १५ मिलिमीटर. परंतु खरादवाल्यास माप सांगताना त्यांनी ते तोंडी व आपल्याकडील चालीप्रमाणे इंच आणि सूत ह्यांत सांगितले: “दोन इंच अर्धा सूत.” एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि सूत हा इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३.१८ मिलिमीटर. तेव्हा दोन इंच अर्धा सूत म्हणजे जवळजवळ ५२.४ मिलिमीटर झाले. कारागिराने सांगितल्याबरहुकूम छिद्र पाडले आणि बेअरिंग त्यात खुळखुळू लागले. जेथे मिलिमीटरच्या शतांशांची बात, तेथे चार दशांशांची तफावत राहिली. ह्यात कारागिराचा दोष काडीचाही नव्हता.

दुसऱ्या हबाच्या वेळी छिद्र बरोबर आले. परंतु चाक ज्या बोल्टांनी बसवावयाचे त्यांच्या भोकांचे वर्तुळ चाकाशी जुळले नाही. चाक जुन्या रिक्षाचे, आणि भोकांमधील अंतर फूटपट्टीने अंदाजे घेतलेले. पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा कापून चाकावर ठेवला असता, तर ही चूक दोन रुपयांच्या पुठ्ठ्यावर कळली असती. ती पोलादावर कळली.

तिसरा हब सर्व बाजूंनी बरोबर उतरला. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली. गाडीस पुढील चाके दोन असतात आणि हब करविला होता एकच! दुसऱ्यासाठी कारागिराने यंत्रावरची मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावयाची, आणि तिची मजुरीही पुन्हा द्यावयाची. “एक बरोबर आला म्हणजे मग दुसरा सांगू,” असा विचार त्यांनी केला होता. विचार सावधपणाचा होता. परंतु सावधपणा पुठ्ठ्यावर व लाकडावर दाखवावयाचा, तो यंत्रावर दाखविला गेला.

खर्च कशात असतो

ह्या हकीकतीवरून एक मुख्य गोष्ट ध्यानात येईल. एकट्यादुकट्या भागाची किंमत लोखंडात नसते, ती तयारीत असते. कारागीर माप समजून घेतो, पोलादाचा तुकडा कापून आणतो, तो यंत्राच्या पकडीत बांधतो, मध्य साधतो, हत्यार लावतो; आणि एवढे झाल्यावर प्रत्यक्ष कापणी थोड्या वेळात उरकते. उदाहरणादाखल असे समजा की, तयारीची मजुरी १,००० रुपये आणि प्रत्येक नगाचे लोखंड व कापणी मिळून १०० रुपये. मग एक नग ११०० रुपयांस पडेल. दोन नग घेतल्यास प्रत्येकी ६०० रुपये. दहा घेतल्यास प्रत्येकी २०० रुपये. आकडे कल्पित आहेत, परंतु हिशेबाची चाल सर्वत्र हीच.

तेव्हा माफक खर्चाचे उपाय दोनच. तयारी जेवढी टाळता येईल तेवढी टाळावी. आणि जी टाळता येत नाही ती अनेक नगांत वाटून घ्यावी. दरात घासाघीस करून जे वाचते ते ह्या दोहोंपुढे थोडे असते, आणि घासाघिशीने कारागिराचे मन मात्र कामातून उडते.

ह्या वाटेने पूर्वी गेलेले

हौशी मनुष्याने स्वतः गाडी बांधण्याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण अलीकडचेच आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी लोहारकाम करणारे श्री. दत्तात्रय लोहार ह्यांनी मुलाच्या हट्टाखातर एक लहान जीपसारखी गाडी तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये आला, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. जुन्या वाहनांचे भाग जमवून त्यांनी ती जुळविली, आणि ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती श्री. आनंद महिंद्र ह्यांच्या पाहण्यात ही गाडी आली. नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी ती आज ना उद्या थांबवितील, हे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो गाडी देऊ केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबास मिळालीही. ह्यातील बक्षिसाचा भाग सोडून द्यावा. तो प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. घेण्यासारखे आहे ते हे की, लोहार ह्यांनी जे बाजारात जुने मिळत होते ते नव्याने करविण्याच्या भरीस न पडता गाडीच मिळालेल्या भागांच्या मापाने बेतली.

दुसरे उदाहरण जुने आहे. इचलकरंजीचे श्री. शंकरराव कुलकर्णी ह्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. त्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार तयार करण्याचा ध्यास घेतला. तिचा पहिला नमुना १९४९ साली झाला आणि पुढे सुमारे वीस वर्षे ते एकाहून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. सुमारे १२ हजार रुपयांस ही गाडी सामान्य माणसास द्यावी, असा त्यांचा बेत होता. परंतु तिचा कारखाना शेवटपर्यंत उभा राहिला नाही. एक नमुना आणि हजार गाड्या ह्यांच्या मध्ये साचे, यंत्रे, परवाने व भांडवल ह्यांची केवढी दरी असते, ते ह्यावरून दिसते. हौशी मनुष्याने आपण दरीच्या कोणत्या काठावर उभे आहोत, हे पक्के ठरवून मगच पैसा घालावा. एकच गाडी करावयाची असेल तर हजार गाड्यांना शोभणारे साचे करवू नयेत.

आणि तिसरे उदाहरण तर शेतकऱ्यांच्या घरचेच म्हणावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकऱ्यांनी तो प्रथम घेतला नाही. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर गावोगाव गेला. आरंभ लहान, वस्तू ओळखीची, आणि सुधारणा वापरणाऱ्याच्या तक्रारीवरून, ही त्या उद्योगाची रीत आजही पडवीतील कारागिरास उपयोगी आहे.

करावयाच्या गोष्टी

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू.

पहिली गोष्ट, जे तयार मिळते ते करवू नये. बेअरिंग, नट-बोल्ट, सील, साखळी, दातेरी चाके, चाके, ब्रेक व स्टिअरिंग हे सर्व तयार घ्यावे, आणि आपला नवा भाग त्यांच्या मापाने बेतावा. महाविद्यालयांचे विद्यार्थी बाजा नावाच्या स्पर्धेसाठी २००७ पासून दर वर्षी एकेक गाडी स्वतः बांधतात. त्यांसही एंजिन तयारच घ्यावे लागते. जुने भाग घेताना ते पावतीसह व माहितीच्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावेत. चोरीच्या गाडीचा भाग स्वस्त मिळाला, तरी तो अखेर महागच पडतो.

दुसरी गोष्ट, आधी पुठ्ठा, मग लाकूड, मग लोखंड. भाग जेथे बसवावयाचा तेथे त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती बसवून पाहावी. जाड भागासाठी सुताराकडून लाकडाचा तुकडा करवून घ्यावा. अलीकडे थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा नमुनाही करून मिळतो, आणि वेड्यावाकड्या आकारांस तो फार सोयीचा आहे. मात्र ह्या कामी नेहमी वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश उष्णतेस मऊ पडू लागते. आमच्या जिल्ह्यातील उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा एंजिनाजवळ ते टिकणार नाही. तेव्हा असा नमुना माप पाहण्यापुरताच समजावा.

तिसरी गोष्ट, माप कागदावर व मिलिमीटरमध्येच द्यावे. तोंडी सांगितलेले माप हे अर्धे भांडण होय. कागदावर समोरून, वरून व बाजूने अशी तीन चित्रे काढावीत. प्रत्येक माप एकदाच लिहावे. पोलादाची जात व नगांची संख्या लिहावी. आणि जे माप अचूक हवे तेवढ्यावरच खूण करावी. आमच्या पाहण्यात असे एक चित्र आले होते की, त्यात हबाच्या बाहेरच्या कडेचे मापही मिलिमीटरच्या शतांशापर्यंत लिहिलेले होते. त्या कडेस काहीही बसावयाचे नव्हते. अशा चित्रावरून जो दर येतो तो ऐकून गाडीची हौसच फिटते. बेअरिंगचे छिद्र अचूक हवे. बाहेरची कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी चालते. एवढे लिहिले की, महागड्या यंत्राचे काम साध्या खरादावर होते. उत्तम उपाय म्हणजे बेअरिंगच कारागिराच्या हातात ठेवून “हे ह्यात घट्ट बसावे” असे सांगणे.

चौथी गोष्ट, करण्याची रीत नगांच्या संख्येवरून निवडावी. एक-दोन नगांसाठी अखंड पोलादातून कापून काढणे, किंवा पट्ट्या व नळ्या वेल्डिंगने जोडणे, हेच स्वस्त पडते. ओतकामास प्रथम लाकडाचा फर्मा लागतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून फर्मा थोडा मोठा करावा लागतो, बिडासाठी सुमारे शंभरात एक ह्या प्रमाणात. शिवाय जेथे खरादावर कापावयाचे तेथे जादा जाडी ठेवावी लागते. एवढा खटाटोप एका नगासाठी परवडत नाही. दहा-वीस नग असतील तर मात्र फर्म्याचा खर्च वाटला जातो.

पत्र्याच्या भागांसाठी लेझरने कापून घेण्याची सोय आता मोठ्या औद्योगिक गावी सर्रास आहे. त्यास फर्मा लागत नाही, संगणकावरचे चित्र पुरते. म्हणून एका नगास ती रीत फार सोयीची. मात्र पत्रा अख्खाच घ्यावा लागला तर उरलेला आपल्या गळ्यात पडतो. तीन मिलिमीटर जाडीचा आठ फूट बाय चार फूट पत्रा सुमारे ७० किलो भरतो. तेव्हा आपले सर्व तुकडे एकाच जाडीत बेतून एकाच पत्र्यावर मांडावेत, आणि रिकाम्या जागेत शेजाऱ्याच्या पेरणी यंत्राचे तुकडेही बसवावेत.

पाचवी गोष्ट, कारागिरास विचारावे. आपले चित्र पुढे ठेवून, “ह्यात काय बदलले असता तुमचे काम सोपे होईल?” एवढा एक प्रश्न नम्रपणे विचारला, तर पुष्कळदा अर्धा खर्च तेथेच उतरतो. कोपरा किंचित गोल केला, आंधळ्या भोकाऐवजी आरपार भोक ठेवले, दोन जाड्यांऐवजी एकच जाडी घेतली, म्हणजे आपले काही बिघडत नाही आणि त्याची एक मांडणी वाचते. ही विद्या पुस्तकात नाही. ती ज्याच्या हातास तेल लागले आहे त्याच्यापाशी आहे.

सहावी गोष्ट, वेळ पाहून जावे. पेरणीच्या तोंडी व हळदीच्या दिवसांत गावोगावचे वर्कशॉप अवजारांच्या दुरुस्तीने भरलेले असते. त्या वेळी हौसेचे काम घेऊन जाणे म्हणजे लग्नघरी केरसुणी मागण्यासारखे होय. पावसाळ्यातील सवडीचे दिवस त्यास योग्य. आणि रोख पैसे व पुरता वेळ दिला तर दरही सरळ मिळतो.

काम कोठे करवावे

आपल्या जिल्ह्यात काम होतच नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. हळद शिजविण्याचे कुकर व पॉलिशचे ड्रम जोडणारे, ट्रॉल्या व नांगर बांधणारे हात आमच्याकडे आहेतच. गाडीचा सांगाडा, बैठक, पत्र्याची पेटी आणि साधे खरादकाम एवढे त्यांच्याकडे उत्तम होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर व फिटर शिकविणारे निदेशक चित्र तपासून देण्याइतकी मदत बहुधा आनंदाने करतात. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीच्या अवजारांचे अभ्यासक आहेत.

ज्यास दातेरी चाक कापावयाचे, पोलादास पाणी द्यावयाचे किंवा संगणकाच्या यंत्रावर काम करवावयाचे, त्याने छत्रपती संभाजीनगर गाठावे. तेथे वाळूज भागात बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्याच्या आसपास सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने वाढले. त्याच शहरातील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था साचे व अचूक भाग करते आणि तरुणांस ती विद्या शिकवितेही. ओतकामासाठी कोल्हापूरची ख्याती सर्वश्रुत आहे. मात्र दूरच्या गावी एकेक तुकडा घेऊन हेलपाटे घालू नयेत. सहा महिन्यांची कामे एका यादीत घालून एकदाच जावे. नाही तर गाडीभाडेच हबाहून जड होते.

काटकसर कोठे करू नये

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट अधिक ठासून सांगणे आमचे कर्तव्य आहे. गाडीत असे काही भाग असतात की, ते मोडले असता गाडी केवळ थांबते; आणि काही असे असतात की, ते मोडले असता मनुष्य मरतो. स्टिअरिंगचे दांडे व सांधे, ब्रेक, चाकाचे हब व आस, बैठकीचा पट्टा जेथे बांधला जातो ती जागा, हे सर्व दुसऱ्या वर्गातील भाग होत. ह्यांत काटकसर ही आत्मघाताचीच दुसरी वाट आहे. स्टिअरिंग व ब्रेक ह्यांचे भाग नामांकित गाडीचे, न वाकविता व न सांधता, जसेच्या तसे वापरावेत. हब करवावयाचाच असेल तर त्याचे पोलाद कोणत्या जातीचे ते लेखी घ्यावे. ‘भंगारातील चांगले दिसले’ हे प्रमाण नव्हे. बीड ठिसूळ असते. ते आघाताने वाकत नाही, एकदम तुटते. म्हणून ओतीव बिडाचा भाग स्टिअरिंगच्या सांध्यास कधीही लावू नये. जोड देणाऱ्याचा हात कसलेला नसेल तर ह्या भागांवर वेल्डिंगही करू देऊ नये.

आमच्या तरुण मित्राने दुसऱ्या हबाची चुकलेली भोके वेल्डिंगने बुजवून नव्याने पाडण्याचा विचार केला होता. तो त्यांनी सोडला आणि पोलाद भंगारात घातले. त्या दिवशी त्यांस ते नुकसान वाटले. आमच्या मते त्या दोन वर्षांतील सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच होय.

कायद्याची मर्यादा

दुसरी मर्यादा कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८, ह्यातील कलम ३९ अन्वये नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. नोंदणी व्हावयाची तर गाडीच्या नमुन्याची चाचणी, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यातील नियम १२६ प्रमाणे, ठरवून दिलेल्या संस्थेकडून व्हावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक होय. हा मार्ग कारखानदारांसाठी आहे, पडवीतील एका गाडीस तो परवडणारा नाही. नोंदलेल्या जुन्या गाडीची मूळ रचना वाटेल तशी बदलण्यासही त्याच अधिनियमाच्या कलम ५२ ने बंदी आहे. तेव्हा हौसेची गाडी ही आपल्या शेताच्या बांधाआड चालविण्याची वस्तू आहे, हे आरंभीच मनाशी ठरवावे. ती घेऊन बाजारास जाण्याची किंवा भाडे मारण्याची स्वप्ने पाहून कर्ज काढू नये.

मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, मुलगा पडवीत बसून एक हब बरोबर करवून घेण्यास शिकला, तर त्या घरचा पंप ऐन पाण्याच्या पाळीस एका बुशासाठी आठ दिवस बंद पडून राहणार नाही. त्या आठ दिवसांची किंमत कोणत्याही शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको.

आमची सूचना

शेवटी एक सूचना संस्थेच्या सभासदांपुढे ठेवतो. तयारीचा खर्च अनेकांत वाटणे हा जर स्वस्ताईचा मुख्य उपाय, तर तो एकट्याने साधण्यासारखा नाही. त्यास मंडळीच हवी. आमच्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्यास जो भाग करवावयाचा असेल त्याने तो तीत चित्रासह लिहावा, आणि एका जातीची कामे साठली म्हणजे कोणा एकाने सर्वांची घेऊन जावी. एकदा केलेला लाकडी फर्मा किंवा पुठ्ठ्याचा नमुना घरी माळ्यावर न टाकता नाव व माप लिहून कार्यालयातील फळीवर ठेवावा. पुढील सभासदास तो भाग लागला तर त्याची निम्मी तयारी आयती झालेली असेल. बियाण्याची अदलाबदल आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो. फर्म्यांची का करू नये?

आता त्या तरुणाची पुढील हकीकत सांगून हा लेख पुरा करू. आम्ही त्यांस गाडी मोडा असेही म्हणालो नाही, पुरी करा असेही म्हणालो नाही. आम्ही इतकेच म्हणालो की, काय तयार घ्यावयाचे, काय करवावयाचे आणि एकंदर किती खर्चावयाचे, हे एका कागदावर लिहून तो कागद वडिलांपुढे ठेवा. आणि त्यांनी नाही म्हटले तर मुकाट्याने ऐका. वडिलांनी कागद दोन दिवस उशाशी ठेवला. मग त्यांनी यादीतील सात वस्तूंवर काट मारली, उरलेल्यांस रक्कम ठरवून दिली, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढविली: “पॉलिशच्या ड्रमाचे दोन बुश.” श्रावणात दुसरा हब व ते दोन बुश एकाच दिवशी, एकाच खरादावर झाले.

गाडी अद्याप एंजिनावाचून पडवीत उभी आहे. पण ती चारी चाकांवर उभी आहे. ड्रम मात्र येत्या हंगामास तयार आहे. पहिल्या हबाचा पुठ्ठ्याचा नमुना त्या तरुणाने आमच्या कार्यालयात आणून दिला असून त्यावर माप मिलिमीटरमध्ये लिहिलेले आहे. फळीवरील ती पहिली वस्तू होय. दुसरी कोण आणून ठेवतो, ह्याची आम्ही वाट पाहत आहोत.